उघड्या डोंगरात हरणासाठी रायफल आणि कॅलिबर कोणतं घ्यावं? (न्यूझीलंड)

निरा_काठ (फलटण)

नमस्कार मंडळी. न्यूझीलंडच्या साउथ आयलंडमध्ये, कँटरबरी भागात, गाईंच्या मोठ्या फार्मवर कामाला निघतोय. फार्मच्या मागचा डोंगर मालकाचाच आहे. झाडी जवळपास नाही. गुडघाभर गवताचे झुपके, दगडी उतार आणि मधे घळी. रेड डिअर आणि फॅलो डिअर दोन्ही तिथे चरायला येतात आणि रीतसर लायसन्स असलेल्याला मालक शिकारीची परवानगी देतो. अंतर बहुतेक वेळा १५० ते ३०० मीटर पडतं, असं त्याचं म्हणणं.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे प्रश्न फक्त तिथल्यापुरता आहे. एअर रायफलचा सराव आहे, मोठी रायफल चालवलेली नाही. एकच घ्यायची तर कॅलिबर, म्हणजे काडतुसाचं माप, कोणतं? ६.५ क्रीडमूर, .२७० आणि .३०८ ही नावं सारखी कानावर येतात. ७ एमएम मॅग्नम घे म्हणणारेही भेटले. स्कोप किती पॉवरचा घ्यावा? वडिलांच्या नावावर .३१५ रायफल आहे, ती नेण्यात काही अर्थ आहे का? आणि निघेपर्यंत इथे राहून काय तयारी करता येईल?

वाठारचा_नेम (कोरेगाव)

आधी .३१५ चा विषय संपवू. लायसन्स वडिलांचं, त्यामुळे ती तुम्ही देशाबाहेर नेण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय ते काडतूस तिकडच्या दुकानात मिळत नाही, गोळी जड आणि संथ, २०० मीटरच्या पुढे झपाट्याने खाली येते. ती घरीच राहू द्या.

आता कॅलिबर. तुम्ही दिलेल्या नावांपैकी एकही हरणाला कमी पडणारं नाही. .२७० हे १९२५ पासून, .३०८ हे १९५२ पासून आणि ६.५ क्रीडमूर २००७ पासून बाजारात आहे, आणि तिन्हींनी रेड डिअर रोज पडतात. उघड्या मुलखात निकाल ठरतो तो वाऱ्यावर, गोळीच्या आकारावर आणि तुम्ही धक्क्याला न बिचकता ट्रिगर दाबता की नाही त्यावर. म्हणून आकडे गोळीसकट बघा, नुसत्या कॅलिबरचे बघू नका.

६.५ क्रीडमूरची १४३ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) लांबट, टोकदार गोळी साधारण ८२० मीटर प्रतिसेकंदाने निघते. २०० मीटरला झिरो केली, म्हणजे त्या अंतराला नेम धरला तिथेच गोळी लागेल असा स्कोप जुळवला, तर १०० मीटरला ६ सेंमी वर, २५० ला १० सेंमी खाली, ३०० ला २५ सेंमी खाली आणि ४०० ला ७० सेंमी खाली लागते. ताशी १५ किमीचा आडवा वारा तिला २०० मीटरला ६ सेंमी, ३०० ला १४ सेंमी आणि ४०० ला २७ सेंमी ढकलतो.

आता .३०८ बघा. तसलीच रायफल, तोच झिरो. १५० ग्रेनची स्वस्तातली भोथऱ्या टोकाची गोळी घातली तर ३०० मीटरला तोच वारा तिला ३० सेंमी नेतो. त्याच रायफलीत १७८ ग्रेनची लांबट गोळी घातली तर १८ सेंमी. ती निघते हळू आणि ३०० मीटरला २९ सेंमी खाली येते, पण वाऱ्यात निम्म्यासारखा फरक पडला. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण दुकानात नवीन माणूस कॅलिबरवर तासभर बोलतो आणि काडतुसाचा डबा मात्र किंमत बघून उचलतो.

गोळी खाली किती येते हे रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) आणि तक्ता सांगतो, त्याचा त्रास नाही. वारा किती आहे हे कोणी सांगत नाही, तो तुम्हालाच ठरवायचा असतो. म्हणून वाऱ्यात कमी हलणारी गोळी ही पहिली निवड.

मॅग्नमबद्दल: ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नमची १६२ ग्रेनची गोळी सुमारे ८९५ मीटर प्रतिसेकंदाने निघते. ३०० मीटरला ६.५ क्रीडमूरपेक्षा तुमचा फायदा होतो फक्त ४-५ सेंमीचा. त्या बदल्यात हलक्या रायफलीत धक्का दीडपटीच्या वर जातो. एअर रायफलवरून थेट मॅग्नमवर गेलेला माणूस पहिल्या डब्यातच डोळे मिटायला आणि खांदा पुढे ढकलायला लागतो, आणि ती सवय एकदा लागली की काढायला वर्ष जातं. तुमच्या अंतरांसाठी मॅग्नमची गरज नाही.

माझी निवड ६.५ क्रीडमूर. तेवढीच चांगली दुसरी निवड ७ एमएम-०८, १४० ग्रेनची गोळी घालून. .२४३ फॅलोला उत्तम, पण मोठ्या रेड नराला तिरक्या कोनातून मारायला तिच्यात पुरेसं वजन नाही. दोन्ही हरणं एकाच रायफलीने मारायची असतील तर ती सोडा.

रायफल: टिक्का टी३एक्स किंवा होवा १५००. दोन्ही बोल्ट अॅक्शन, दोन्ही कारखान्यातूनच नेमाला चोख. टिक्का लाइट साधारण ३ किलोची, डोंगर चढायला बरी. होवा थोडी जड, पण तेवढाच धक्का कमी. दुकानात कोपर काटकोनात वाकवून स्टॉकचा (दस्त्याचा) मागचा भाग कोपराच्या आतल्या बाजूला टेकवा. तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर आरामात पोचायला हवं. पोचत नसेल तर स्टॉक लांब आहे, मान ताणली जाईल आणि स्कोप डोळ्याला लागेल. ६.५ ला बॅरलच्या आतल्या खाचांचा ट्विस्ट, म्हणजे पीळ, ८ इंचाला एक फेरा असावा, तो बहुतेक नव्या रायफलीत असतोच. आणि बॅरलच्या तोंडाला आटे पाडलेले असावेत, कारण ते पुढे सप्रेसरसाठी (आवाज कमी करणाऱ्या नळीसाठी) लागतात.

मिरजकर_साउथ (मिरज, सध्या कँटरबरी)

कॅलिबर ठरवण्याआधी लायसन्सचं बघा, कारण वेळ त्यातच जातो. फायरआर्म्स लायसन्सशिवाय रायफल किंवा काडतूस विकत घेता येत नाही. अर्ज, सुरक्षा अभ्यासक्रम आणि परीक्षा, तुम्हाला ओळखणाऱ्यांच्या मुलाखती, आणि घरी येऊन तिजोरीची तपासणी, असा क्रम आहे. यात महिने जातात. पहिलं लायसन्स ५ वर्षांचं असतं. रायफल भिंतीला किंवा जमिनीला पक्क्या बसवलेल्या लोखंडी कपाटात आणि काडतुसं वेगळ्या कुलपात. फार्मच्या क्वार्टरमध्ये राहणार असाल तर कपाट बसवायला मालकाची परवानगी आधीच घ्या. तिथे बऱ्याच जणांचं घोडं अडतं.

लायसन्स येईपर्यंत लायसन्सधारकाच्या थेट देखरेखीखाली रायफल चालवता येते. देखरेख म्हणजे तो हाताच्या अंतरावर बाजूला हवा. तो खाली गाडीत आणि तुम्ही वर डोंगरावर, हे चालत नाही. मालकाचं लायसन्स असेल तर हे महिने वाया घालवू नका. त्याच्या रायफलीवर धक्का, सेफ्टी आणि बोल्टची सवय करून घ्या, मग स्वतःची घ्या.

मालकाच्या डोंगराला त्याची परवानगी पुरे. सरकारी जमिनीवर जायचं तर तिथल्या संवर्धन खात्याचं, म्हणजे डॉकचं, परमिट ऑनलाइन मोफत मिळतं. ही हरणं तिथली मूळची नाहीत, १९व्या शतकात युरोपातून आणून सोडलेली आहेत, आणि रान खातात म्हणून रेड आणि फॅलोला बहुतेक ठिकाणी बंद हंगाम नाही. नरांचा माजाचा काळ मार्चअखेर ते एप्रिल. तेव्हा डोंगरावर माणसंही खूप असतात, त्यामुळे चटक नारिंगी रंगाचं जॅकेट घाला. हलणारा तपकिरी ठिपका हरीणच आहे असं धरून स्कोप रोखू नका. आधी दुर्बिणीने डोकं, मान, पाय असं पूर्ण जनावर ओळखा, मगच रायफल उचला. ओळख पटवण्यासाठी स्कोप वापरणं म्हणजे माणसावर बंदूक रोखण्याची शक्यता पत्करणं.

सप्रेसरला तिथे वेगळं लायसन्स लागत नाही आणि बरेच लोक लावतात. आवाज २५-३० डेसिबलने उतरतो, धक्काही कमी होतो. तरी कानाला बोळे हवेतच. एक गोष्ट लक्षात ठेवा: सप्रेसर लावल्याने गोळी लागायची जागा बदलते. १०० मीटरला ३ ते ८ सेंमी सहज. त्यामुळे झिरो सप्रेसर लावूनच करा आणि नंतर तो काढून शिकारीला जाऊ नका. घरी आल्यावर मात्र लगेच काढायचा. आतली वाफ आणि काजळी बॅरलच्या तोंडाशी साचून एका रात्रीत गंज धरते, आणि तोंडाची कड खराब झाली की नेम कायमचा बिघडतो.

कृष्णाकाठ_२७० (सांगली)

वाठारकरांचं बरंचसं पटलं, पण .२७० ला त्यांनी दोन शब्दांत वाटेला लावलंय ते बरोबर नाही. १३० ग्रेनची चांगली टोकदार गोळी ९३० मीटर प्रतिसेकंदाने निघते. २०० चा झिरो धरला तर ३०० मीटरला २० सेंमी खाली आणि १५ किमीच्या वाऱ्यात १५ सेंमी बाजूला. म्हणजे वाऱ्यात ६.५ च्या बरोबरीने आणि खाली येण्यात ५ सेंमीने सरस. अंतराचा अंदाज २५-३० मीटरने चुकला तरी .२७० सांभाळून घेते. गावातल्या छोट्या दुकानातही काडतूस मिळतं. रेड नरासाठी ती जास्त भरवशाची.

वाठारचा_नेम (कोरेगाव)

आकडे बरोबर आहेत तुमचे, दादा. .२७० वाईट नाहीच. माझा मुद्दा धक्क्याचा आहे. सारख्या वजनाच्या रायफलीत .२७० चा धक्का ६.५ पेक्षा साधारण एक तृतीयांशाने जास्त. ज्याने मोठी रायफल चालवलेली आहे त्याला तो जाणवणार नाही, ज्याने नाही त्याला ४० व्या गोळीला जाणवतो, आणि पहिल्या महिन्यात १०० गोळ्या तरी झाडायला हव्यात. दुसरं म्हणजे सप्रेसर लावायचा तर लोक बॅरल ४०-४६ सेंमीपर्यंत आखूड करतात, नाहीतर रायफल दोन हात लांब होते आणि गवतात अडकते. .२७० ची सगळी मजा वेगात आहे आणि तो वेग लांब बॅरलमधून येतो. आखूड बॅरल करायचंच असेल तर .३०८ आणि ७ एमएम-०८ त्यात सर्वात कमी वेग गमावतात.

निरा_काठ, बॅरल न कापता पूर्ण लांबीचं ठेवणार असाल आणि मालकाच्या .२७० वर हात बसला तर ती घ्या, बिनधास्त.

खटाव_आरमोरर (वडूज)

रायफलीवर बरंच झालं. आता स्कोप आणि तो बसवणं, कारण नेम चुकण्याची बहुतेक कारणं तिथेच सापडतात. नवीन रायफल "नेमाला वाईट आहे" म्हणून लोक परत आणतात आणि प्रत्यक्षात रिंगचा एक स्क्रू ढिला निघतो.

पॉवर ३-९ किंवा ३-१५ घ्या, पुढची काच ४० ते ४४ मिमी. ५० मिमीची काच घेतली की स्कोप उंच बसवावा लागतो आणि गाल स्टॉकवरून उचलला जातो. रेटिकल, म्हणजे स्कोपमधलं क्रॉस आणि खुणा, मिलमध्ये असेल तर टरेटही, म्हणजे नेम सरकवायचं बटणही, मिलचाच घ्या (मिल आणि एमओए ही कोनाची मापं). ०.१ मिलचा एक क्लिक म्हणजे १०० मीटरला १ सेंमी. पाव एमओएचा क्लिक १०० मीटरला पाऊण सेंमीच्या थोडा आत बसतो आणि मीटरमध्ये विचार करणाऱ्याला डोंगरावर हिशोब जड जातो. रेटिकलवर खाली-खाली खुणा असलेला स्कोप सेकंड फोकल प्लेनचा (पॉवर बदलली तरी खुणा तेवढ्याच दिसणारा) असेल तर त्या खुणा एकाच पॉवरला खऱ्या असतात, बहुधा सर्वात मोठ्या. ६ पॉवरवर ठेवून ३०० ची खूण वापरली की गोळी भलतीकडे जाते. हे स्कोपच्या कागदावर लिहिलेलं असतं, ते वाचा.

बसवण्याची पद्धत. बेसचे (स्कोपच्या रिंग जिच्यावर बसतात त्या रायफलीवरच्या पट्टीचे) स्क्रू आणि त्यांची भोकं स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी करा. नवीन रायफलीत तिथे कारखान्याचं तेल असतं आणि तेलावर आवळलेला स्क्रू विसाव्या गोळीपर्यंत सैल होतो. बेसच्या स्क्रूवर निळ्या थ्रेडलॉकचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब. टॉर्क रेंच वापरा. बेस साधारण २.३ न्यूटन-मीटर आणि रिंगच्या टोप्या १.७ ते २, यापुढे नाही. रिंगच्या स्क्रूंना थ्रेडलॉक लावायचं नाही, ते वंगणासारखं काम करतं, मग तेवढ्याच टॉर्कला स्क्रू जास्त आवळला जातो आणि स्कोपची नळी चेपते. नळी चेपली की टरेट फिरवूनही आतला भाग सरळ सरकत नाही. स्क्रू एका बाजूचे पूर्ण आवळून मग दुसऱ्या बाजूचे, असं करू नका. आलटून-पालटून, पाव-पाव फेरा, आणि दोन्हीकडची फट सारखी दिसेल असं. सगळं झाल्यावर नेलपॉलिशची एक बारीक रेघ स्क्रूच्या डोक्यावरून रिंगवर ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय, हे कुठेही, हत्याराशिवाय कळतं.

स्कोप पुढे-मागे किती ठेवायचा ते टेबलावर बसून ठरवू नका. पालथं पडून, जाड जॅकेट घालून, सर्वात मोठ्या पॉवरवर पूर्ण गोल चित्र दिसेल तिथे ठेवा. पालथं पडल्यावर डोकं पुढे जातं, आणि चढावर वरच्या दिशेने नेम धरला की आणखी पुढे. डोळा आणि स्कोप यात ९ सेंमी तरी हवेत, नाहीतर भुवई फुटते.

बॅरल आणि स्टॉकच्या मधून कागदाची पट्टी तोंडाकडून अॅक्शनपर्यंत सरकवून बघा. प्लास्टिकचा स्टॉक बायपॉडवर (पुढच्या दोन पायांच्या आधारावर) जोर दिला की वाकून बॅरलला टेकतो. पट्टी अडकली तर बायपॉडवर वजन टाकून झाडलेली गोळी आणि पिशवीवर ठेवून झाडलेली गोळी वेगळ्या जागी लागणार.

झिरो: बोल्ट काढा, रायफल पिशव्यांवर घट्ट बसवा, बॅरलमधून २५ मीटरवरचा ठिपका मधोमध बघा आणि रायफल न हलवता स्कोपचं क्रॉस त्याच ठिपक्यावर आणा. मग २५ मीटरला तीन गोळ्या. इथे ०.१ मिलचा क्लिक फक्त २.५ मिमी सरकवतो, म्हणजे ५ सेंमी चूक असेल तर २० क्लिक. ६.५ क्रीडमूरची गोळी २५ मीटरला बरोबर मध्यभागी बसली तर तिचा झिरो २०० मीटरच्या आसपास येतो, स्कोप बॅरलच्या ४ सेंमी वर असेल तर. पण यावर थांबायचं नाही. १०० ला ६ सेंमी वर लागते का बघा, मग २०० वर तीन-तीनचे दोन गट, आणि शेवटी ३०० ला प्रत्यक्ष किती खाली येते ते मोजून कागदावर लिहा. तो कागद स्टॉकला चिकटवायचा. कागदावरचे आकडे छापील तक्त्यातले नकोत, तुमच्या बॅरलमधले हवेत.

तीन गोळ्यांनंतर बॅरल गार होऊ द्या, हात लावून धरवेल इतकं. हलकं बॅरल तापलं की गट वर आणि बाजूला सरकतो आणि माणूस त्या सरकण्यामागे क्लिक फिरवत बसतो. शिकारीत गोळी नेहमी गार बॅरलमधूनच जाते. म्हणून रोज सकाळी पहिली एकच गोळी वेगळ्या कागदावर मारा आणि ती कुठे पडते त्याची नोंद ठेवा. काडतुसं एकाच लॉटची, २० चे पाच-सहा डबे एकदम घ्या. लॉट बदलला की पुन्हा २०० ला तपासणी.

निरा_काठ (फलटण)

मंडळी, फारच उपयोगी. ६.५ क्रीडमूर आणि टिक्का असं जवळपास ठरलं, स्कोप ३-१५ मिलचा. दोन गोष्टी राहिल्या. कुठल्या अंतरापर्यंत मारावं? आणि इथला सराव?

माळ_आणि_वारा (जत)

अंतराचं उत्तर कॅलिबर देत नाही, ताट देतं. २० सेंमी व्यासाचं ताट म्हणजे फॅलोच्या छातीतला मर्माचा भाग. रेडचा थोडा मोठा, २५ सेंमी धरा. बाहेर मोकळ्यावर, जसा वारा असेल त्यात, बसून किंवा पालथं पडून, दम लागलेला असताना पाचपैकी पाच गोळ्या ज्या अंतरावर त्या ताटात पडतात तेवढीच तुमची हद्द. बहुतेकांची पहिल्या वर्षी ती १८०-२०० मीटर निघते. त्यापलीकडे दिसलेल्या हरणाकडे घळीतून सरकत जायचं, गोळी पाठवायची नाही. अर्धवट लागलेलं हरीण तीन डोंगर ओलांडून कुठेतरी दोन दिवसांनी मरतं आणि ते कोणाच्याच हाती लागत नाही.

आता इथला सराव. बंदुकीशिवाय बराच होतो.

वारा शिकायला सातारा जिल्ह्यात चाळकेवाडीचं पठार आहे, सांगलीकडे ढालगावचा माळ. दोन्हीकडे पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. हातात धरायचा छोटा वारामापक घ्या. आधी अंदाज बोलायचा, मग आकडा बघायचा. चेहऱ्याला वारा जाणवतो आणि पानं सळसळतात तिथे ताशी ६ ते ११ किमी. पानं आणि बारीक डहाळ्या थांबतच नाहीत तिथे १२ ते १९. धूळ आणि कागद उडायला लागले की २० ते २८. हे आकडे पाठ करून भागत नाही, गवत बघून डोळ्याला कळलं पाहिजे. कुसळीचं उंच गवत १० किमीला नुसतं डुलतं, २० ला झोपतं आणि उठतं, ३० ला उठतच नाही. कँटरबरीचं गवत वेगळं, तिथे गेल्यावर पहिले आठ दिवस तोच वारामापक घेऊन पुन्हा ताळा करा. तिथे डोंगरावरून उतरणारा नॉरवेस्टर नावाचा गरम, कोरडा वारा सुटतो. तो सुटला असेल त्या दिवशी १५० मीटरच्या पुढे मारू नये.

घळीच्या या काठावरून त्या काठावर मारताना आणखी एक फसगत होते. तुमच्यापाशी वारा शांत, हरणापाशी शांत, आणि मधल्या दरीत वारा जोरात वाहतोय. चाळकेवाडीच्या कड्यावर उभं राहून खालच्या उतारावरचं गवत दुर्बिणीने बघा. कड्यावरचं गवत एका दिशेला आणि ५० मीटर खालचं भलत्याच दिशेला झुकलेलं दिसतं. गोळीच्या वाटेवर तीन ठिकाणी वारा बघायचा: स्वतःपाशी, मध्यावर, जनावरापाशी. स्वतःपाशीच्या वाऱ्याला जास्त वजन द्या, कारण तिथे ढकललेली गोळी उरलेला सगळा रस्ता तिरकी जाते.

अंतर शिकायला माणदेश किंवा जतचा माळ. रेंजफाइंडर खिशात, आधी तोंडाने आकडा, मग मोजमाप. मधे ओढा किंवा घळ असली की पलीकडची वस्तू आहे त्यापेक्षा जवळ वाटते. ऊन तिच्यावर पडलं असेल तर आणखी जवळ, सावलीत असेल तर लांब. उतारावर आकडा कमी धरावा लागतो. ३० अंशाच्या उतारावर रेंजफाइंडर ३०० दाखवत असेल तर गोळीला २६० मीटरचाच हिशोब लावायचा, वर मारा नाहीतर खाली मारा. कोन धरून आकडा देणारा रेंजफाइंडर मिळतो, तोच घ्या. वाऱ्याला मात्र पूर्ण ३०० च मीटर धरायचे.

जनावर बघायला सागरेश्वर अभयारण्य. चितळ आणि सांबर दोन्ही आहेत. चितळ फॅलोच्या अंगाने जवळचं, सांबर रेडच्या. दुर्बिणीतून प्रत्येक जनावराला एकच प्रश्न विचारा: पलीकडच्या बाजूचा पुढचा पाय कुठे आहे? आडवं उभं असेल तर जवळच्या पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर जा आणि छातीच्या खालच्या रेषेपासून एक तृतीयांश उंचीवर थांबा. तिरकं, तोंड पलीकडे करून उभं असेल तर नेम पलीकडच्या पुढच्या पायावर धरायचा, मग गोळी कुठून आत शिरते ते आपोआप जमतं. तोंड तुमच्याकडे करून असेल, पळत असेल किंवा मागे दुसरं हरीण असेल तर मारायचं नाही. एका सकाळीत पन्नास कोन बघायला मिळतात.

एअर रायफल ४.५ मिमी बोअरची आणि २० जूलच्या आतली असेल तर आपल्याकडे लायसन्स लागत नाही. घराच्या आवारात, मागे भक्कम आडोसा ठेवून, कागदावर. पाखरांवर अजिबात नाही, वन्यजीव कायदा एअर रायफललाही तोच आहे. स्प्रिंगवाली असेल तर उत्तम, कारण तिच्यात छर्रा बॅरलमध्ये असतानाच रायफल हलते आणि ट्रिगरनंतर स्थिर राहिलं नाही तर कागदावर लगेच दिसतं. पण छर्ऱ्याशिवाय कधी झाडू नका, पुढे हवेची गादी नसल्याने पिस्टन आपटतो आणि सील फाटतं. पालथं पडून, बसून आणि काठीच्या आधाराने, असा सराव करा. उभ्याने नको, डोंगरावर उभ्याने मारायची वेळ आणू नये. जिल्ह्याच्या रायफल क्लबात .२२ वर ५० मीटरला बसायला मिळालं तर सोडू नका. १५ किमीच्या आडव्या वाऱ्यात .२२ ची गोळी ५० मीटरलाच दोन-अडीच सेंमी सरकते, म्हणजे वारा वाचायचा अभ्यास तिथेच आणि स्वस्तात होतो.

मिरजकर_साउथ (मिरज, सध्या कँटरबरी)

गोळीच्या प्रकाराबद्दल एक राहिलं. ६.५ ला १४० च्या आसपासची, शिकारीसाठी बनवलेली गोळी घ्या. डब्यावर मॅच लिहिलेली टार्गेटची गोळी नको. ती कधी नुसतं भोक पाडून आरपार जाते, कधी खांद्याच्या हाडावरच फुटते. पूर्ण तांब्याची गोळी घेतलीत तर ती उमलायला वेग लागतो, साधारण ६०० मीटर प्रतिसेकंदाच्या वर. ६.५ मधून ३०० मीटरपर्यंत तो सहज असतो. आखूड बॅरल केलंत तर ती हद्द जवळ येते.

गोळी मारल्यानंतर उघड्या डोंगरात जनावर सापडत नाही, हे ऐकून आश्चर्य वाटेल. पलीकडच्या उतारावरचा जो दगड तुम्ही लक्षात ठेवता, तिथे चालत गेल्यावर तसे चाळीस दगड असतात. म्हणून जागेवरून उठण्याआधी फोनमध्ये स्कोपच्या दिशेचा फोटो काढा, होकायंत्राचा अंश आणि रेंजफाइंडरचा आकडा लिहा, आणि तुमच्या जागेवर नारिंगी फडकं ठेवून निघा, म्हणजे तिथे पोचल्यावर मागे वळून रेषा धरता येते. बोल्ट लगेच ओढून दुसरी गोळी तयार ठेवा, हरीण पडलं तरी दोन मिनिटं स्कोपमधून नजर काढू नका. नंतर पंधरा मिनिटं थांबा. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, जनावर जवळच आहे. गडद लाल म्हणजे यकृत, अर्धा तास आणखी. हिरवट, वास मारणारं असेल तर पोट लागलंय, तीन-चार तास बसून राहायचं. घाईने मागे लागलात तर ते उठून घळ ओलांडतं.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पिल्लं होतात, त्यामुळे उन्हाळ्यात माद्या सोडा. कळपाशेजारी एकटी दिसणारी मादी बहुतेक वेळा पिल्लू गवतात लपवून चरत असते.

आणि टिक्का घेताना बॅरलच्या आट्यांचं माप बिलावर लिहून घ्या. कुठे १४ मिमी, कुठे १५, कुठे इंचातलं. सप्रेसर वेगळ्या दुकानातून घेतला आणि माप जुळलं नाही तर मधे अडॅप्टर लावावा लागतो, आणि अडॅप्टर एका बाजूला कणभर जरी तिरका बसला तरी गोळी सप्रेसरच्या आतल्या कडेला घासते. पहिल्यांदा लावल्यावर बोल्ट काढून मागून बॅरलमधून बघा, सप्रेसरचं भोक बॅरलच्या भोकाभोवती सगळीकडून सारखं दिसलं पाहिजे.